चौदशीला दिवा लुकलुकला नाही

नोकरीतल्या बहुतेक घटना आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कुठला दरोडा कुठल्या ठाण्यातला हे सांगताना माझी गफलत होते आणि जुने सहकारी हसतात. एक घटना मात्र तशी मिसळत नाही. सूर्य कलायला लागला की ती रोज आठवते. तिच्यात रक्त नाही, मुद्देमाल नाही, आरोपपत्रही नाही. काहीतरी थरारक वाचायला मिळेल म्हणून जे बसले असतील त्यांनी इथेच उठलेलं बरं.

मी तेव्हा नंदुरबारच्या एका ठाण्यात पोलीस निरीक्षक होतो. निवृत्ती जवळ आली होती. हिवाळ्याचे दिवस, मिरचीचा हंगाम. गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली असायची आणि वारा फिरला की अख्खं ठाणं शिंकायला लागायचं. सकाळची हजेरी म्हणजे अर्धी हजेरी आणि अर्ध्या शिंका. अशाच एका सकाळी ठाणे अंमलदार नाकाला रुमाल लावून आत आला आणि म्हणाला, "साहेब, एक शेठजी आलेत. घरात कुणीतरी शिरतंय म्हणतात. आणि कुणीच शिरत नाही असंही म्हणतात."

शेठजी मिरचीचे मोठे व्यापारी. आजोबा राजस्थानातून आलेले, तेव्हापासून घर नंदुरबारचंच झालेलं. जैन माणूस, वागायला सरळ आणि शब्दाचा पक्का. बाजारात त्यांनी एकदा भाव बोलला की तो दगडावरची रेघ समजायचे. अशी माणसं ठाण्याची पायरी सहसा चढत नाहीत. चढलीच, तर गोष्ट साधी नसते.

"साहेब, चोर दरवाजातून येत नाही," ते म्हणाले. "तारेतून येतो."

मी त्यांना पाणी दिलं आणि पहिल्यापासून सांगायला लावलं. काही वर्षांपूर्वी शेठाणी घरात पाय घसरून पडल्या होत्या. दिवसभर घरी त्या एकट्या, म्हणून मधल्या खोलीत एक कॅमेरा बसवला होता. मोसंबीएवढा गोल, मान वळवणारा. तो शेठजींच्या मोबाइलवर दिसायचा. पेढीवर बसल्या बसल्या घर दिसतं याचं त्यांना मोठं समाधान होतं. शेठाणींना उठून बटण दाबायला लागू नये म्हणून त्याच वेळी स्वयंपाकघरात मोबाइलवर लागणारा-विझणारा दिवाही लावला होता. सगळं घरातल्या वायफायच्या डबीवर चालायचं.

"मी कॅमेऱ्याचं तोंड तिजोरीच्या खोलीकडे करून ठेवतो," शेठजी म्हणाले. "संध्याकाळी पाहतो तर ते स्वयंपाकघराकडे. घरात कुणी हात लावत नाही. आपोआप फिरतं. आणि रोज दिवस मावळायच्या थोडं आधी स्वयंपाकघरातला दिवा दोनदा लुकलुकतो. लागतो, विझतो. परत लागतो, विझतो. माझा मुलगा सुरतेला कापडाच्या धंद्यात आहे. तो म्हणतो, हा हॅकर आहे. घरातलं बोलणं ऐकतोय, आपल्या खरेदीचा भाव बाहेर जातोय."

"घरात कोण कोण असतं?"

"मी आणि बायको. कामाला एक बाई येते, दुपारीच जाते."

मी तक्रारी अर्ज घेतला. दुसऱ्याच्या यंत्रणेत परवानगीशिवाय शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा होतो, पण आधी चौकशी हवी. सायबर सेलमार्फत कॅमेऱ्याच्या कंपनीला मेल गेला. अशा मेलचं उत्तर येईल तेव्हा येतं. तोवर पोलिसाने आपले पाय आणि कान वापरायचे असतात.

कान आधी कामाला आले. आमच्या एका खबऱ्याने सांगितलं की कॅमेरे बसवणारा एक दुकानदार स्टेशनजवळच्या चहाच्या टपरीवर फुशारक्या मारतो. म्हणतो, अर्धं नंदुरबार माझ्या मोबाइलमध्ये आहे, कोण केव्हा जेवतो ते मला दिसतं. शेठजींकडचं कामही त्याच्याच दुकानाचं होतं. मी त्याला बोलावून घेतलं.

हा माणूस धानोऱ्याचा, तिशी ओलांडलेला. ठाण्यात आल्याबरोबर त्याची अहिराणी भराभर सुटायला लागली. घाबरलेला माणूस शाळेतली भाषा आधी विसरतो हे मी कित्येकदा पाहिलं आहे.

"साहेब, मी फक्त बसाडी देस," तो म्हणाला. "कोनं घर दखाणं मन्हा धंदा नही शे."

"मग टपरीवर बोलला तो कोण?"

"ती बढाई मन्हीच शे साहेब. बढाई मारी, पण दखं काहीच नही."

मी त्याचा मोबाइल तपासून घेतला. कुणाचंही घर त्यात नव्हतं. माणसाची जीभ त्याच्या हातापेक्षा लांब असते, एवढंच सिद्ध झालं. पण त्याला बसवून ठेवून मी ही यंत्रं समजून घेतली, कारण मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मला वाटायचं, मोबाइल आणि दिवा एकमेकांशी थेट बोलत असतील, टीव्हीच्या रिमोटसारखे. तसं नसतं. मोबाइलवर बोट लावलं की हुकूम आधी इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकाकडे जातो. तो संगणक कुठल्या देशात आहे हे बसवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. हुकूम देणारा ओळखीचा आहे का हे तो पाहतो आणि मग घरातल्या डबीला सांगतो की दिवा लाव. म्हणजे घर कुणाचं हे दिव्याला माहीत नसतं. त्या लांबच्या संगणकात मालक म्हणून ज्याचं नाव लागलं असेल, तोच दिव्याचा मालक.

"आणि ते नाव कुणाचं लागतं?" मी विचारलं.

"ज्याना फोनवर पहिलांदा चालू करं, तो मालक. मंग तो दुसरास्ले वाटा देई सकस. पण मालकी त्यानीच ऱ्हास."

"शेठजी मालक आहेत ना?"

"नही साहेब. त्या पाहुना शेतस."

मला हसू आलं. ज्यांच्या पैशाने भिंत बांधली, त्या भिंतीवर ते पाहुणे. मालक कोण, असं विचारल्यावर त्याने सांगितलं की अख्खा नंबर दिसत नाही, शेवटचे दोन आकडे दिसतात. बसवायला त्याचा कामगार गेला होता आणि तो आता सुरतेला होता. कॅमेरा फिरतो म्हणून शेठजींनी आधी या दुकानदारालाच बोलावलं होतं, तेव्हा त्याने ते आकडे पाहिले होते.

"मी शेठजीस्ले इचारं व्हतं," तो म्हणाला, "का हाऊ नंबर कोना शे? शेठजीस्नी तोंड फिराई लिधं. शेठाणी उठीसन आत निघी गयी. मंग मी काय करू?"

त्याला मी सोडून दिलं. पण शेठजींनी तोंड फिरवलं ही गोष्ट माझ्या मनात बसली. चोराच्या नंबरावरून कुणी तोंड फिरवत नाही. चोराचा नंबर असेल तर माणूस तो तोंडपाठ करतो.

एक-दोन दिवसांनी दुपार कलल्यावर मी साध्या कपड्यात शेठजींच्या घरी गेलो. लुकलुकणं स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. मधल्या खोलीत मला बसवलं. समोर भिंतीवर तो कॅमेरा, उजव्या हाताला स्वयंपाकघराचं दार. शेठाणी सावकाश चालत आल्या, चहा ठेवला आणि आत गेल्या. साठीच्या पुढच्या, बारीक अंगाच्या, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत. जैन घरात सूर्य मावळायच्या आत जेवून घेतात, रात्री अन्नाला हात लावत नाहीत. त्यामुळे त्या वेळी अशा घरांत ताटं मांडायची गडबड असते. इथे मात्र चूल थंड होती आणि शेठजींचं ताट झाकून ठेवलेलं होतं.

ऊन भिंतीवरून उतरलं. दिवा काही लुकलुकेना. कॅमेराही तिजोरीच्या खोलीकडे तोंड करून गप्प होता. शेठजी ओशाळले. "रोज होतं साहेब, देवाशपथ रोज होतं," असं म्हणत होते तेवढ्यात त्यांना एका अडत्याचा फोन आला आणि ते बोलत बोलत अंगणात गेले. मी स्वयंपाकघराकडे नजर लावून तसाच बसलो होतो. दारात शेठाणी उभ्या राहिल्या. पोलीस उगाच ताटकळतोय याचं त्यांना वाईट वाटलं असावं.

"आज नाही होणार ते, साहेब," त्या हळूच म्हणाल्या. "आज चौदस."

एवढं बोलून त्यांनी पदर तोंडावर घेतला. बोलून गेल्याचं त्यांना कळलं होतं.

शाळेत माझ्या बाकावर एक जैन मुलगा असायचा. त्याच्या घरी मी खूप खाल्लं आहे. आठमीला आणि चौदशीला त्याची आई एकासणं करायची. दिवसातून एकदाच, एका बैठकीला जेवायचं, ते दुपारी आटोपून घ्यायचं. संध्याकाळचं जेवण नाहीच. शेठाणींचंही तसंच असणार. मावळतीची वेळ यंत्राला शिकवता येते, हे मला दुकानदाराने सांगितलं होतं. गाव सांगितलं की ते आपलं आपण सूर्य शोधतं. पण अमक्या घरातली बाई आज संध्याकाळी जेवणार नाही, तेव्हा तिला उठवायचं नाही, हे कुठलं यंत्र पाळतं? त्या दिव्यावर रोज कुणाचं तरी बोट होतं आणि ते बोट या बाईची चौदस सांभाळत होतं. घरचंच माणूस हवं. शेठजी अंगणातून परत आले तेव्हा मी चहा संपवून उठलो होतो.

दुसऱ्या दिवशी शेठजी बाजार समितीत असताना मी महिला हवालदाराला बरोबर घेऊन शेठाणींचा जबाब घ्यायला गेलो. पहिला प्रश्न मी एवढाच विचारला, "मुलं किती तुम्हाला?"

त्यांनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "दोन."

शेठजींनी मला एक सांगितलं होतं.

"साहेब, तिचं नाव मी घेणार नाही," त्या म्हणाल्या. "शब्द दिलाय."

"नाव घेऊ नका. बाकीचं सांगा."

त्यांनी सांगितलं ते असं. मुलगी धाकटी. कॅमेरा, दिवा ही सगळी तिचीच हौस. आई पडल्यावर तिनेच मागवलं आणि तिच्याच मोबाइलवर ते चालू झालं. पुढे तिने म्हसावदच्या एका शेतकरी घरातल्या मुलाशी लग्न केलं, बापाच्या इच्छेविरुद्ध. मुलगा चांगला होता, नोकरीला होता, पण आपला नव्हता. शेठजींनी तिला उंबऱ्यावर सांगितलं, या घरात तुझं नाव नको, तुझा आवाज नको. बायकोकडून सौगंध घेतली की तिला फोन करणार नाही, तिचा घेणार नाही. सुरतेचा भाऊही बापाच्या शब्दाबाहेर नव्हता. शेठजींनी तिचे फोटो काढले, रेशनकार्डावरून नाव काढलं, कुलपंसुद्धा बदलली. पण जिचं नावच घ्यायचं नाही, तिच्या नावावर काय काय आहे हे त्या घरात कुणी कुणाला विचारणार? कंपनीच्या त्या लांबच्या संगणकात ती घराची मालकीण म्हणून राहून गेली.

"लहानपणी मी कामात वेळ विसरायची," शेठाणी म्हणाल्या. "ती दारातून ओरडायची, माँ, सूरज चालला. ती गेली आणि मला कुणी सांगेना. दोन-तीनदा उपाशी राहिले. मग एके दिवशी हा दिवा दोनदा लागला. मी वर बघितलं. कॅमेऱ्याने माझ्याकडे मान वळवली होती. मला लगेच कळलं साहेब. आई आहे मी."

तेव्हापासून त्या कॅमेऱ्यासमोर बसून जेवायच्या. ताट धुऊन ते पाणी पिऊन टाकायचं, अन्नाचा कण वाया घालवायचा नाही, ही त्यांच्यातली रीत. ते झालं की त्या ताट पदराने कोरडं करायच्या आणि एकवार कॅमेऱ्याकडे धरायच्या. जेवले, असं सांगायला. एवढीच त्यांची भेट. त्या कॅमेऱ्यात बोलायचीही सोय असते, पण मुलगी कधी बोलली नाही. बापाने आवाज नको म्हटलं होतं. दिव्याचं कुणी काही म्हटलं नव्हतं. त्या घरातली माणसं शब्द मोडत नव्हती, शब्दाला वळसा घालत होती.

"तुम्ही हे बंद नाही ना करणार?" शेठाणींनी विचारलं. "माझ्याकडे दुसरं काही नाही."

पोलिसाने आश्वासन द्यायचं नसतं. मी दिलं नाही.

म्हसावदला मी स्वतः गेलो. नंदुरबारहून दुपारची एसटी धरली तर चहाला माणूस तिथे पोचतं. एवढ्या अंतरावर ती राहत होती. घर मोठं, ओट्यावर कापसाचे गठ्ठे. सासूने मला खाटेवर बसवलं आणि सून बाहेर यायच्या आत स्वतःच वकिली सुरू केली.

"साहेब, ती काय चोरी नही करस," ती म्हणाली. "ती तिनी मायले जेवाडस."

मुलीने काहीही लपवलं नाही. स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीला टेकून मोबाइल कसा उभा करते ते दाखवलं. मोबाइलवर बोट ठेवलं की दिवा लागायला एक श्वास लागतो, म्हणाली. चित्रही जरा मागून येतं. "आईने घास घेतला की तो मला थोड्या वेळाने दिसतो," ती म्हणाली. "ती जेवून उठलेली असते आणि माझ्याकडे अजून जेवत असते. मला तेवढंच जास्त मिळतं."

"वडील दिसतात?"

"दिसतात. मी कॅमेरा पुढे नेते. फार वेळ बघवत नाही."

इतकी वर्षं मी माणसांना खोटं बोलताना पाहिलं होतं. समोरचा खरं बोलतोय याचं दुःख व्हावं असं क्वचितच घडलं असेल. मी तिचा जबाब लिहून घेतला. सही करताना तिने विचारलं, "साहेब, आई बारीक झाली आहे का? कॅमेऱ्यात नीट कळत नाही." मी म्हटलं, ठीक आहेत. ते मी जबाबात घेतलं नाही.

आता शेठजींना सांगणं भाग होतं. अर्जदाराला चौकशीचा निकाल कळवावाच लागतो. मी पेढीवर गेलो, माणसं बाहेर पाठवायला लावली आणि सगळं सांगितलं. नंबराचे ते दोन आकडे त्यांनी तेव्हाच ओळखले असणार, पण मुलीचं नाव घेण्यापेक्षा चोर म्हणणं त्यांना सोपं गेलं असेल.

"गुन्हा होतो की नाही?" त्यांनी विचारलं.

"शेठजी, त्या यंत्रांची मालकीण तीच आहे. तुम्हाला तिने पाहुणे म्हणून आत घेतलंय. पाहुण्याला मालकिणीवर फिर्याद द्यायची असेल तर मी लिहून घेतो."

ते हसले नाहीत. त्यांनी समजुतीने अर्ज मागे घेतला आणि एकच मागितलं, मालकी माझ्या नावावर करून द्या. मी म्हटलं, शेठाणी त्या दिव्यावर जेवतात. ते म्हणाले, "दिव्यावर कुणी जेवत नाही साहेब, ताटात जेवतात." घर त्यांचं, हट्ट त्यांचा. धानोऱ्याचा तो दुकानदार आला, म्हसावदला फोन झाला. मुलगी नुसतं "ठीक आहे" म्हणाली आणि तिकडून एक बटण दाबलं. शेठजी मालक झाले. नंतर कंपनीचं उत्तर आलं. त्यात तिचाच नंबर होता. अर्ज निकाली निघाला, स्टेशन डायरीला नोंद झाली. अशा नोंदी वाचताना सगळं सुरळीत झालंय असं वाटतं.

पुढे काही दिवस माझा जीव लागेना. मी दोनदा त्या गल्लीतून जीप नेली. काय पाहायचं होतं कुणास ठाऊक. आत काय चाललंय हे बाहेरून दिसत नाही.

मग एके दिवशी ऊन उतरायच्या वेळेला शेठजी ठाण्यात आले. खुर्ची दिली तरी बसेनात. शेवटी बसले आणि टेबलावरच्या काचेकडे बघत बोलायला लागले.

"साहेब, आता मी लावतो तो दिवा. पेढीवरून, माझ्या फोनवरून. वेळेवर लावतो. दोनदाच लावतो, तसाच."

"मग?"

"ती उठत नाही. दिव्याकडे बघते आणि बसून राहते. मी कॅमेऱ्यात बघतो ना. सूर्य जातो, मग ती ताट उचलून ठेवते. रोज एकासणं चाललंय. मी विचारलं, दिवा लागला ना, मग का नाही जेवलीस? तर म्हणते, हा तुमचा आहे. कसं कळतं साहेब? एकच दिवा, एकच बटण. तिला कसं कळतं?"

यंत्राच्या बाजूने पाहिलं तर काही फरक नव्हता. हुकूम त्याच रस्त्याने जात होता, त्याच संगणकातून वळून येत होता. कदाचित दोन लुकलुकण्यांमधला श्वास वेगळा असेल. कदाचित काहीच वेगळं नसेल आणि तिला नुसतं ठाऊक असेल.

"तिचा नंबर तुमच्याकडे आहे," शेठजी म्हणाले. "घरात कुणाकडे नाही. सुरतेच्या मुलाला विचारला, त्याच्याकडेही नाही. मला तो कायद्याने मिळतो का?"

स्वतःच्या मुलीचा नंबर मागायला बाप पोलीस ठाण्यात आला होता, आणि कायद्याने मिळतो का असं विचारत होता. हा माणूस बाजारात कुणापुढे मान लववत नसे. आता त्याचे दोन्ही हात टेबलाखाली होते.

"चौकशीतली माहिती बाहेर देता येत नाही शेठजी," मी म्हटलं. "नंबर देता येत नाही. लावता येतो."

मी माझ्या मोबाइलवरून लावला आणि स्पीकर चालू करून तो त्यांच्यापुढे ठेवला. दोन-तीन वेळा वाजला.

"हां साहेब," पलीकडून आवाज आला. "आईला काही झालं का?"

शेठजींनी डोळे मिटले. आवाज नको म्हटल्यापासून तो त्यांनी पहिल्यांदाच ऐकला असणार. मी मोबाइल त्यांच्याकडे आणखी सरकवला. पलीकडे ती "साहेब, साहेब" म्हणत राहिली. मग शेठजी बोलले, त्यांच्या घरच्या बोलीत.

"थारी मां म्हारी बत्ती सूं कोनी जीमै."

तुझी आई माझ्या दिव्यावर जेवत नाही. मारवाडी मला फारशी येत नाही, पण हे कळायला यावी लागत नाही.

पलीकडे काहीच ऐकू येईना. फोन कटला की काय म्हणून मी पुढे वाकून पाहिलं. चालू होता. मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "बापूजी, मैं बोलूं?"

ती परवानगी मागत होती. बापाचा शब्द तिने इतकी वर्षं पाळला होता आणि अजून पाळत होती. शेठजींना हुंदका आवरेना. त्यांनी होकाराची मान हलवली, एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. पलीकडे ती वाट बघत होती.

"शेठजी," मी म्हटलं, "हा साधा फोन आहे. यात मान हललेली दिसत नाही. तोंडाने सांगा."

"बोल," ते म्हणाले. "बोल बेटा, बोल."

मी बाहेर जाऊन ठाणे अंमलदाराच्या शेजारी उभा राहिलो. त्याने विचारलं, काय झालं साहेब? मी म्हटलं, मिरची फार उडतेय आज. त्या दिवशी वारा उलट्या दिशेचा होता, पण तो शहाणा माणूस होता, त्याने आपला रुमाल माझ्यापुढे धरला.

या प्रकरणानंतर माझी जी थोडी नोकरी उरली होती तेवढ्यात मी एक सवय लावून घेतली. घरात कोण कोण आहे असं विचारून थांबायचो नाही, कोण नाही तेही विचारायचो. खाणाखुणा बहुतेक वेळा त्या दुसऱ्या उत्तरात सापडतात. नव्या अधिकाऱ्यांना मी हे सांगतो. ते कॅमेरे, मोबाइल, टॉवरचे रेकॉर्ड यात माझ्यापेक्षा कितीतरी हुशार आहेत. यंत्र कुणी चालवलं ते त्यांना चटकन सापडतं. कशासाठी चालवलं, ते मात्र घरात जाऊन, चहा घेऊन, बसून राहिल्याशिवाय सापडत नाही.

आता पुण्याच्या लेकीने माझ्या मनगटावर एक घड्याळ बांधलं आहे. माझी नाडी, माझी झोप, मी किती चाललो, सगळं ते तिला कळवतं. मित्र म्हणतात, म्हातारपणी पाळत बसली तुझ्यावर. मी ते काढत नाही. माझी आई गावी एकटी असायची आणि माझ्या बदल्या होत राहायच्या. बंदोबस्त आटोपला की मी गावाकडे तोंड करून उभा राहायचो आणि ती काय करत असेल याचा अंदाज बांधायचो. शेजाऱ्यांकडे फोन होता, पण तिला बोलावून आणेपर्यंत माझी वेळ संपायची. ती गेली त्याला खूप वर्षं झाली. तरी कधी कधी हातात मोबाइल घेतो आणि वाटतं, कुठलं तरी बटण असावं, ते दाबावं आणि गावच्या घरात तिच्या डोक्यावर एक दिवा लागावा. बोलायचं काहीच नाही. ती जेवली का, तेवढं कळलं असतं तरी पुरे होतं.